मदत हवी आहे : शाळा बंद झाली, शिक्षक मतदारसंघासाठी दाखला कोण देणार?

माझे मामा सांगली जिल्ह्यातले निवृत्त शिक्षक. आधी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत, संघटनेचं काम, मग पंचायत समितीचे सदस्य. आता पुणे शिक्षक मतदारसंघातून (इथे मतदार फक्त शिक्षकच) विधान परिषदेला उभं राहायचं म्हणतात.

उमेदवारीला अडचण नाही. वय ३० पूर्ण आणि राज्यातल्या कुठल्याही विधानसभा यादीत नाव, एवढं पुरतं. उमेदवार शिक्षक असलाच पाहिजे असंही नाही. पण मत मागायला गेल्यावर "सर, तुमचंच नाव यादीत नाही?" हे ऐकायची त्यांची तयारी नाही. (सूचक, म्हणजे उमेदवारी अर्जावर सही करणारे, मतदारसंघातले मतदारच लागतात, ते जमलेत.)

शिक्षक मतदार म्हणून नोंदणीचा नियम : १ नोव्हेंबरपूर्वीच्या ६ वर्षांत माध्यमिक किंवा त्यावरच्या स्तरावर एकूण ३ वर्षं अध्यापन. म्हणजे प्राथमिकची सगळी नोकरी यात शून्य! निवृत्तीनंतर एका मान्यताप्राप्त विनाअनुदानित हायस्कूलमध्ये नववी-दहावीला शिकवलं, त्यात ३ वर्षं भरतात. ती शाळा आता बंद आहे. यादी दर वेळी नव्याने होते, त्यामुळे जुन्या नोंदीचाही आधार नाही.

नमुना १९ (या नोंदणीचा अर्ज) भरून तयार आहे. तहसील कार्यालय मुख्याध्यापकांच्या सहीचा अध्यापनाचा दाखला मागतं. संस्थेचे सचिव फोन उचलत नाहीत. हातात नेमणूक पत्र, पगार जमा झालेलं बँक पासबुक आणि हजेरीपत्रकाच्या झेरॉक्स आहेत.

अशा वेळी दाखल्यावर शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांची सही चालते का? कुणी तशी नोंदणी करून घेतली असेल, तर अर्ज कोणाच्या नावे केला आणि सोबत काय जोडलं?