खोली रिकामी असताना ‘दिली’ असे सांगितले: ही खबरदारी की पूर्वग्रह?

जंक्शनचा_मास्तर (भुसावळ)

सदस्यहो, मी भुसावळचा निवृत्त शिक्षक आहे. घराच्या वरच्या मजल्यावरची खोली मी गेली सोळा वर्षे भाड्याने देत आलो आहे. गेल्या महिन्यात ती रिकामी झाली, तेव्हा नेहमीप्रमाणे फाटकावर पाटी लावली. चौथ्या दिवशी एक तरुण आला. मणिपूरचा, रेल्वेत तांत्रिक पदावर नुकताच रुजू झालेला. हिंदी मोडकी, पण बोलणे अदबीचे. मी न मागताच त्याने ओळखपत्र पुढे केले. मी ते हातातही घेतले नाही आणि ‘खोली कालच दिली’ असे सांगून मोकळा झालो. पाटी काढण्याचे मात्र ध्यानात राहिले नाही. दोन दिवसांनी तो आमच्याच गल्लीतून चालला होता आणि मी अंगणात तुळशीला पाणी घालत होतो. त्याने पाटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, नमस्कार केला आणि तो पुढे गेला.

तो नमस्कार मला अजून पचलेला नाही. खोटे बोलल्याची लाज वाटते हे खरे, पण खोटे बोलण्याची गरज का पडली हा प्रश्न त्याहून अधिक छळतो आहे. परप्रांतीय नको, असे म्हणावे तर माझ्याकडे आजवर बिहारचा सहायक लोको पायलट राहिला, केरळची परिचारिका राहिली आणि विजयवाड्याच्या कुटुंबाला तर मी माणूस न पाहता फोनवरच होकार कळवला होता. मांसाहाराचे म्हणावे तर आमच्या घरातही दर रविवारी तोच बेत असतो. सगळी कारणे एकेक करून बाजूला केल्यावर मागे केवळ त्याचा चेहरा उरतो.

धाकट्या भावाचे म्हणणे असे की, आपण कोणाला शिवी दिली नाही, हाकलले नाही. घर आपले आहे आणि ते कोणाला द्यायचे हे आपणच ठरवणार. त्याचे म्हणणे मला पटतही नाही आणि खोडूनही काढता येत नाही. अनोळखी माणसाबाबत बाळगायची खबरदारी कुठे संपते आणि पूर्वग्रह कुठे सुरू होतो, हे आपण कसे ओळखता?

केळीबागवाला (सावदा)

मास्तर, आपण स्वतःला गरजेपेक्षा जास्त दोष देत आहात. माझा केळीचा व्यवसाय आहे आणि गाड्या भरण्याच्या निमित्ताने चार राज्यांच्या माणसांशी रोजचा संबंध येतो, त्यामुळे बाहेरच्या माणसाचे मला वावडे नाही. मात्र तीन वर्षांपूर्वी दोन खोल्या एका परराज्यातल्या गृहस्थांना दिल्या, ते चार महिन्यांचे भाडे बुडवून रातोरात निघून गेले. त्यांच्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस ‘या नावाचे येथे कोणी राहत नाही’ असा शेरा घेऊन परत आली.

आपल्या भागात नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न ‘कोन गावना?’ हाच असतो. त्याला लोक चौकसपणा म्हणून हसतात, पण तो आपला विमा आहे. गाव कळले की मामा सापडतो, मामा नाही तर सोयरा सापडतो, आणि भाडे थकले तर त्या मामाला फोन करता येतो. ज्याचा मामा आपल्याला कधीच सापडणार नाही, त्याला खोली देताना हात आखडतो. याला वंशभेदासारखे जड नाव द्यावे, असे मला वाटत नाही.

पांझराकाठ (धुळे)

केळीबागवाला यांच्या म्हणण्यात व्यवहार आहे. ‘कोन गावना?’ हा प्रश्न मलाही आवडतो, कारण तो विचारणारा माणूस निदान उत्तराची वाट पाहतो. मास्तरांनी तो प्रश्न विचारलाच नाही. पुढे आलेले ओळखपत्रही घेतले नाही. मी वकिली करतो, म्हणून माझ्या भाषेत सांगतो: पुरावा तपासून नाकारणे ही खबरदारी झाली, येथे पुरावा दाखल करून घेण्याआधीच निकाल लागला होता.

उत्तर ऐकून न घेण्याचे टोक आमच्या जिल्ह्याने पाहिलेले आहे. १ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातील राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून आलेले, भिक्षेवर पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे उतरले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगाव पोहोचल्या होत्या. जमावाने त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारहाण केली आणि पाचही जणांचा जीव गेला. ती माणसे बहुतेक महाराष्ट्राचीच होती, त्यांची भाषा मराठी होती. अनोळखी ठरण्यासाठी मणिपूरहून यावे लागत नाही, वेगळा वेश आणि वेगळी बोलण्याची ढब असली तरी पुरते, हे त्या दिवशी कळले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठवण्यावर बंधन आणले आणि १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेविषयी निर्देश देताना प्रत्येक जिल्ह्यात त्यासाठी एक पोलीस अधिकारी नेमण्यास सांगितले. पुढे भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून केलेल्या खुनाची स्वतंत्र तरतूद झाली. ती संहिता लागू झाली १ जुलै २०२४ रोजी; तारीख तीच, हा निव्वळ योगायोग.

खोली नाकारणे आणि माणूस मारणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, आणि मास्तरांना त्या जमावाच्या रांगेत बसवण्याचा माझा हेतू नाही. मला एवढेच दिसते की दोन्ही ठिकाणी समोरच्याच्या चेहऱ्यावरून किंवा वेशावरून बाकीची सगळी माहिती आपण आपल्याच मनाने भरून घेतली.

आता मामाविषयी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते. ‘अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला’ हा आपल्याकडचा समज चुकीचा आहे. नोंदणीकृत करार, अनामत रक्कम, नोकरीच्या ठिकाणचा दाखला आणि पोलीस ठाण्यात दिलेली भाडेकरूची माहिती, इतके हाती असताना मामा शोधत बसावे लागत नाही. केळीबागवाला, आपण त्या गृहस्थांशी नोंदणीकृत करार केला होता का?

सातपुड्याचा_पोर (धडगाव, सध्या जळगाव)

मी पावरा आदिवासी आहे आणि माझे आडनावही पावराच आहे, त्यामुळे घरमालकाला दुसरा प्रश्न विचारण्याचे कष्ट पडत नाहीत. जळगावात शिकायला आलो तेव्हा सात घरे फिरलो. कोणीही वाईट बोलले नाही. एका काकूंनी तर बसायला खुर्ची दिली, पाणी दिले, गावाकडच्या पावसाची चौकशी केली, नाव विचारले आणि मग सांगितले की खोली पुतण्यासाठी राखून ठेवली आहे. पुढचे वर्षभर कॉलेजला जाताना मी ती पाटी त्याच जागी पाहत होतो. पुतण्या बहुधा अजून प्रवासात असावा.

मास्तरांचे बंधू म्हणतात की आपण शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर निदान भांडता आले असते. गोड शब्दांत नाकारलेल्या माणसाला कारण पूर्ण कळलेले असते, पण ते सिद्ध करण्यासारखे हाती काहीच नसते, आणि मग तो पुढच्या घराचे दार वाजवताना आधीच मान खाली घालून उभा राहतो. ती खाली घातलेली मान पाहून पुढच्या मालकाला वाटते की हा काहीतरी लपवतो आहे.

आमच्याबद्दलचा संशय आजचा नाही. इंग्रजांनी १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभी केली, ती भिल्लांच्याच बंदोबस्तासाठी. १८७१ च्या कायद्याने तर देशातल्या कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला. पण चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कोणत्या वस्तीकडे वळते, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

पांझराकाठ यांनी राईनपाड्याचा उल्लेख केला तो मला जड गेला, कारण तो आमच्यासारख्यांचाच, आदिवासी पट्टा आहे. माझ्या वडिलांना आजही पाड्यावर आलेला अनोळखी माणूस आधी वनखात्याचा किंवा व्याजाने पैसे देणारा वाटतो, आणि अनेकदा त्यांचा अंदाज खराही ठरला आहे. ज्यांच्याकडे आयुष्यभर संशयाने पाहिले गेले, ती माणसेही दुसऱ्या भटक्या माणसाकडे त्याच नजरेने पाहू शकतात. याचे उत्तर माझ्याकडे नाही.

क्वार्टरमधली_लेक (मूळची भुसावळ, सध्या पुणे)

मास्तर काका, भुसावळच्या माणसाला हा प्रश्न पडावा याचे मला आधी नवल वाटले आणि मग वाटेनासे झाले. रेल्वे येण्यापूर्वी आपले गाव लहानसे खेडे होते. एकोणिसाव्या शतकात लोहमार्ग आला, एक फाटा नागपूरकडे आणि दुसरा इटारसीकडे गेला, आणि त्या रुळांवरून अर्धा देश येऊन राहिला. माझे बालपण रेल्वे क्वार्टरमध्ये गेले. एका बाजूला तमिळ कुटुंब, दुसऱ्या बाजूला बंगाली, समोर अँग्लो-इंडियन आजी. आमच्या कळण्याच्या भाकरीच्या बदल्यात तिच्याकडून नाताळचा केक येत असे. पण आता विचार करते तेव्हा जाणवते की तो मनाचा मोठेपणा फारसा नव्हता. क्वार्टर कार्यालय देत असे, शेजारी निवडण्याची सोयच नव्हती. सगळ्यांचे वडील एकाच पाळीत कामाला जात, पगार उन्नीस-बीस, पाण्याची वेळ एकच. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये नेमके हेच मांडले होते: नुसते जवळ राहून पूर्वग्रह कमी होत नाही, दर्जा बरोबरीचा असावा, काम सामायिक असावे आणि वरून व्यवस्थेचा पाठिंबा असावा. रेल्वेने आम्हांला हे तिन्ही आयते दिले. आपल्या खाजगी गल्लीत, जिथे शेजारी निवडता येतो, तिथे खरी परीक्षा सुरू होते.

चेहऱ्याविषयी एक गोष्ट लिहिते. आपल्या गल्लीत रात्री शिट्टी वाजवत, काठी आपटत फिरणारा गुरखा असे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो पैसे मागायला आला की आम्ही त्याला दहा-वीस रुपये देत असू, आणि त्याच्या भरवशावर दारासमोर सायकली ठेवून सगळी गल्ली झोपत असे. त्याचे नाव मला आजही ठाऊक नाही. त्या ठेवणीचा माणूस आपल्याला दोनच जागी ओळखीचा आहे, रात्रीच्या पहाऱ्यावर आणि चायनीजच्या गाडीवर. तो ओळखपत्र घेऊन बरोबरीच्या नात्याने फाटकाशी उभा राहिला की आपला गोंधळ उडतो.

पुण्यात या गोंधळाची पुढची पायरी मी पाहिली. ऑगस्ट २०१२ मध्ये मोबाइलवरच्या धमक्यांच्या अफवांनी ईशान्येकडची मुले पुण्यातून आणि बंगळूरहून गाड्या भरभरून घरी पळाली. आमच्या कार्यालयातली एक मणिपुरी सहकारी दोन दिवस माझ्या घरी राहिली. तिला भीती वाटत होती ती शेजाऱ्यांची, ज्यांनी तिला काहीच केले नव्हते पण ज्यांच्याशी ती कधी बोललीही नव्हती. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत निडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याला त्याच्या केसांवरून चिडवण्यातून भांडण झाले आणि मारहाणीनंतर त्याचा मृत्यू झाला. मार्च २०२० मध्ये तर याच मंडळींना ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या जाऊ लागल्या आणि केंद्रीय गृहमंत्रालयाला राज्यांना पत्र पाठवावे लागले. काका, तुमच्या फाटकाशी येईपर्यंत तो मुलगा या सगळ्यातून गेलेला असण्याची शक्यता पुष्कळ आहे. त्याचा नमस्कार कदाचित सवयीचा असेल.

केळीबागवाला (सावदा)

वकीलसाहेब, करार शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर केला होता, नोंदणी केली नव्हती. चूक माझी, मान्य. तरी माझा मुद्दा पूर्ण मागे घेत नाही. नोंदणीकृत करार हातात असला तरी पळालेल्या माणसामागे कोर्टात खेटे घालण्यापेक्षा मामाला फोन करणे सोपे, हे आपणही मान्य कराल. मात्र रेल्वेच्या माणसाचा पगार, साहेब आणि पत्ता तिन्ही भुसावळातच असताना त्याला नाकारण्यास माझे कारण लागू पडत नाही, हे मला आधी सुचायला हवे होते.

जंक्शनचा_मास्तर (भुसावळ)

सर्वांचे आभार. सातपुड्याच्या पोराने लिहिलेले मी घरात मोठ्याने वाचून दाखवले. भाऊ मध्येच उठून गेला. पत्नीने शेवटपर्यंत ऐकले.

परवा स्टेशनच्या पादचारी पुलावर तो तरुण समोरून आला. मी थांबलो आणि खोली रिकामी होती, मी खोटे बोललो, असे सरळ सांगितले. तो म्हणाला, ‘मालूम था, सर.’ त्याला एक खोली मिळाली आहे. भाडे माझ्यापेक्षा पंधराशेने जास्त, पाहुणा आणायचा नाही, आणि वास येईल असे काही शिजवायचे नाही या अटीवर. वास कशाचा येतो हे मालकाने विचारलेले नाही, असे तो हसून म्हणाला. मग त्याने विचारले की आपली खोली अजून आहे का.

मी घरी विचारून सांगतो म्हणालो. आजवरच्या सोळा वर्षांत भाडेकरू ठरवताना मी कोणाला विचारल्याचे आठवत नाही, हे पुलाच्या पायऱ्या उतरताना लक्षात आले. पत्नीचा होकार आहे. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या भावाने अद्याप उत्तर दिलेले नाही आणि नळाची मोटर सामायिक असल्यामुळे त्याला वगळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. पाटी मी काढून ठेवली आहे. पांझराकाठ, नोंदणीसाठी दोन्ही पक्षांची कोणती कागदपत्रे लागतात आणि साक्षीदार भुसावळचेच असावे लागतात का, तेवढे कृपया कळवावे. त्याला रविवारी सुटी असते.