पार्श्वसंगीत, पण कोणाच्या पार्श्वाला?

रविवारचा श्रोता
खरीच अडचण आली आहे, म्हणून विचारतो. आम्ही सातआठ जण महिन्यातल्या एका रविवारी कोणाच्या तरी घरी जमतो आणि सिनेमाचं संगीत ऐकतो. गाणी नव्हे. संवादांच्या खालून जातं, पाट्या पडताना वाजतं, कोणी नुसतं जिना चढत असताना सुरू होतं, ते. पडदा नाही, चित्र नाही, फक्त ऐकायचं. या वेळी प्रत्येकाने 'सध्या काय ऐकतोय' ते आणायचं ठरलं आणि एकपानी पत्रक करायचं काम माझ्याकडे आलं. यादीत 'पथेर पांचाली' आहे, 'जॉज' आहे, 'भूमिका' आहे, 'सैराट' आहे. एकाने 'इंटरस्टेलर'चा ऑर्गन आणलाय, लंडनच्या टेंपल चर्चमध्ये वाजवलेला.

वर मथळा टाकला, 'आम्ही ऐकतो ते पार्श्वसंगीत', आणि आईला वाचायला दिलं. आईने आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. तिने पेन्सिलीने 'पार्श्व'भोवती गोल काढला. म्हणाली, "मागे वाजतं ते पार्श्वसंगीत. तुम्ही ते पुढ्यात घेऊन बसलात, समोर दुसरं काहीच नाही. मग हे पार्श्व कशाचं?"

मला उत्तर सुचलं नाही. इंग्रजीत याला 'स्कोअर' म्हणतात, पण कोशात 'स्कोअर' पाहावा तर वीस, कोडी, धावसंख्या. 'साउंडट्रॅक' म्हणावं तर त्यात गाणी, संवाद, दार आपटल्याचा आवाज, सगळंच आलं. तर चित्रापासून सुटं करून ऐकलेल्या या संगीताला मराठीत काय म्हणायचं? पत्रक शुक्रवारी छापायला जायचंय.

मुळाक्षर
तुमच्या आईंचा गोल योग्य जागी पडलाय, फक्त कारण आणखी खोल आहे. पार्श्व म्हणजे मागे नव्हेच. पर्शु म्हणजे बरगडी, त्यावरून पार्श्व. म्हणजे कूस, बाजू. योगासनं करणाऱ्या कोणालाही विचारा. पार्श्वकोनासनात कूस ताणली जाते. पाठ ताणायची तर पश्चिमोत्तानासन. संस्कृतात मागची बाजू दाखवायला पश्चिम आहे, पृष्ठ आहे. आपण 'पार्श्वभूमी' आणि 'पार्श्वभाग' करून बिचाऱ्या बाजूला पार मागे ढकललं. तेव्हा पार्श्वसंगीत म्हणजे मुळात बाजूने चालणारं, सोबतीचं संगीत. हा अर्थ धरलात तर शब्द ठेवायला हरकत नाही.

पेणची पोर
मुळाक्षर, मूळ काहीही असो. आज 'पार्श्वभाग' म्हटल्यावर बरगडीकडे हात नेणारा माणूस मला दाखवा. शब्द वापरणाऱ्यांचा असतो. आणि खरं सांगायचं तर माझ्या वयाचं कोणी 'पार्श्वसंगीत' म्हणतच नाही. आम्ही 'बीजीएम' म्हणतो, बॅकग्राउंड म्युझिक. "अरे त्याचं बीजीएम ऐक" म्हटलं की काय ऐकायचं ते कळतं. पत्रकात तेच टाका.

मुळाक्षर
'बीजीएम'मधल्या पहिल्या दोन अक्षरांचा अर्थ 'मागचं'च आहे ना? मग आईंचा प्रश्न जिथल्या तिथेच राहिला. फक्त लिपी आपली आणि शब्द दुसऱ्याचा झाला.

व्हायोलिनवाल्याची लेक
हा मथळा वाचून राहवलं नाही.

माझे बाबा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवायचे. त्यांच्या तोंडी 'पार्श्वसंगीत' हा शब्द मी कधी ऐकला नाही. "गाणी झाली, आता बॅकग्राउंड चालू आहे" असं म्हणायचे. 'बॅकग्राउंड' हे कामाचं नाव, जसं लावणी किंवा कापणी. "उद्या बॅकग्राउंडला जायचंय" म्हणजे डबा दोन वेळचा.

सातवीत असताना सुट्टीत एकदा मला बरोबर नेलं होतं. मोठा हॉल, गार, चटयांचा वास. पुढे म्युझिक अरेंजर हात वर करून उभे आणि त्यांचे डोळे पडद्यावर. पडदा कुठे, तर वादकांच्या पाठीमागे! पडद्यावर कोणी धावतंय, पडतंय, रडतंय, आणि चाळीस माणसं त्याला पाठ करून पुढच्या कागदावर नजर लावून वाजवतायत. मी मात्र कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून दोन्ही बघत होते. एका प्रसंगात म्हातारी चूल फुंकत होती आणि बाबा एकच स्वर लांबवत होते. चूल पेटली त्या क्षणी धनुकली उचलली. त्यांना दिसलं नव्हतं. हात खाली आला म्हणून थांबले.

घरी येताना विचारलं, "बाबा, तुम्हाला पिक्चर दिसत नाही?" म्हणाले, "आम्ही पिक्चरला पाठ दाखवून वाजवतो." म्हणजे आमच्या घरी तरी पार्श्वाला होता तो सिनेमा.

रविवारचा श्रोता
ताई, हे आईला वाचून दाखवलं. "हे पत्रकावर छाप" म्हणाली. तुमची हरकत नसेल तर रविवारी वाचून दाखवतो.

राज्य स्पर्धेवाला
चर्चा सिनेमाची आहे, पण शब्द नाटकवाल्यांचा आहे हे कोणी म्हणत नाही म्हणून लिहितो. हौशी नाटकाच्या कोणत्याही पत्रिकेत बघा: नेपथ्य अमुक, प्रकाशयोजना तमुक, पार्श्वसंगीत ढमुक. तिथे हा शब्द रोज राबतोय. मी अकरा वर्षं पार्श्वसंगीत 'सांभाळलं'. हेही क्रियापद बघा, संगीत देणारा वेगळा आणि सांभाळणारा वेगळा. विंगेत टेपरेकॉर्डरपाशी उकिडवं बसायचं, मांडीवर संहिता, कानामागे पेन्सिल. ती लिहायला नव्हे, कॅसेट हाताने गुंडाळायला. मशिनवर मागे नेली तर खरखर पहिल्या रांगेपर्यंत जायची. एकदा बाईंच्या स्वगताआधीची सतार मी दोन वाक्यं लवकर सोडली. बाईंनी तेवढ्यात सूर धरून स्वगतच लवकर सुरू केलं. नंतर मला एवढंच म्हणाल्या, "तुझ्या सतारीनं मला ओढलं रे."

विंग बाजूलाच असते. मुळाक्षरांचा 'बाजू' हा अर्थ नाटकात शब्दशः खरा आहे.

मुळाक्षर
उत्तम. मग नाटकातलाच जुना शब्द सुचवतो: नेपथ्यसंगीत. संस्कृत नाटकात 'नेपथ्ये' अशी रंगसूचना येते, म्हणजे पडद्यामागून. दिसत नाही, ऐकू येतं. सिनेमाच्या या संगीताचं याहून नेमकं वर्णन नाही.

राज्य स्पर्धेवाला
आणि मराठी प्रेक्षक 'नेपथ्यसंगीत' वाचून काय समजेल? सोफा, खिडकी आणि तुळशीवृंदावन यांचं संगीत. नेपथ्य म्हणजे आपल्याकडे सेट. ते पारितोषिक सेट लावणाऱ्याला मिळतं. हिंदीत नेपथ्य अजून पडद्यामागे आहे, मराठीत ते पडदा उघडून पुढे आलं. आता परत आत पाठवता येणार नाही.

मुळाक्षर
चुकीचा वापर पन्नास वर्षं चालला म्हणून तो बरोबर होत नाही.

पेणची पोर
पन्नास वर्षं चालला की त्यालाच बरोबर म्हणतात, काका. 'चित्रपट' म्हणजे मुळात चित्र काढलेलं कापड. तुम्ही थिएटरात कापड बघायला जाता का?

टोरांटोकर
भांडण छान आहे, पण काय ऐकताय ते कोणीच लिहीत नाही! मी या आठवड्यात 'जॉज' (१९७५) ऐकतोय, जॉन विल्यम्स. दोन स्वर, पुन्हा पुन्हा, जवळजवळ येत जाणारे. बराच वेळ तो शार्क मासा दिसतच नाही, हे दोन स्वरच मासा असतात. पोरं खोटा पर लावून लोकांना घाबरवतात त्या प्रसंगात हे संगीत वाजत नाही, कारण मासा आलेलाच नसतो. म्हणजे संगीत खोटं बोलत नाही. ज्याच्यावर कथेचा विश्वास आहे त्याला 'मागचं' म्हणायचं?

दुसरं, 'पथेर पांचाली', १९५५, संगीत रविशंकर. बाप हरिहर घरी येतो, मुलगी दुर्गासाठी आणलेली साडी पुढे करतो. दुर्गा गेली हे त्याला ठाऊक नाही. आई सर्वजया रडते आणि तिचा आवाजच येत नाही. येते ती तारशहनाई, गजाने वाजवायचं तंतुवाद्य, पटदीप रागातली, वरच्या सप्तकात. ती त्या रडण्याच्या मागे नाही, बाजूलाही नाही. तीच रडणं आहे. ते मी चित्राशिवाय फक्त एकदा ऐकलं. हेडफोन लावून बसमध्ये, आणि दोन स्टॉप पुढे गेलो.

माझी सूचना: पटसंगीत. सुटसुटीत आहे, बोलपटातला 'पट' आहे, पुढे-मागे काही नाही.

पेणची पोर
टोरांटोकर, तारशहनाईचं वाचून अंगावर काटा आला. पण 'पटसंगीत' चालणार नाही. 'चित्रपटसंगीत' म्हटलं की मराठी माणसाच्या डोक्यात गाणीच येतात. रेडिओवर 'चित्रपटसंगीत' म्हणून कधी नुसती व्हायोलिनं लागली आहेत का? ती जागा गाण्यांनी कधीच धरली. 'पट' ठेवा की काढा, गाणीच ऐकू येणार.

माझी खरी तक्रार हीच आहे. आपल्याकडे गाणी इतकी मोठी झाली की या संगीताला स्वतःचं नाव मिळालंच नाही. राष्ट्रीय पुरस्कारांत २००९ सालच्या चित्रपटांसाठी गाणी आणि पार्श्वसंगीत वेगळे धरले आणि त्या वेळी पार्श्वसंगीताचा पुरस्कार इलैयाराजांना 'पळसी राजा' या मल्याळम चित्रपटासाठी मिळाला. संगीतकार वनराज भाटियांनी 'अंकुर', 'मंथन', 'भूमिका', 'तमस' केले, तरी माझ्या ऑफिसात हे नाव दहातल्या एकालाही माहीत नाही. 'भूमिका' तर हंसा वाडकरांच्या मराठी आत्मकथनावरचा.

अक्षरधन
'स्कोअर' शब्दाबद्दल. मला वाटतं हा आपला 'कोर' आहे. कोरणे, कोरीव. इंग्रजीतही स्कोअर म्हणजे मुळात काठीवर पाडलेली खाच, त्यावरून मोजणी, त्यावरून वीस. आपली कोडीही वीसच. तेव्हा 'कोरसंगीत' का नको?

मुळाक्षर
खाचेपर्यंत तुमचं बरोबर आहे. पण उच्चार जुळले म्हणून नातं जुळत नाही. आणि 'कोरसंगीत' वाचून लोक कोरस समजतील.

अक्षरधन
नातं नसेल, पण चित्र जुळतं. कागदावर खुणा कोरून ठेवलेलं संगीत. व्हायोलिनवाल्याच्या लेकीचे बाबा त्या खुणांकडेच बघून वाजवत होते की.

सांगलीवाडी
मी उशिरा आलो. संस्कृत राहू द्या, इंग्रजीही राहू द्या. आपल्या तमाशात, पोवाड्यात या गोष्टीला शब्द आहे. झील. शाहीर पुढे उभा राहून सांगतो, मागे झीलकरी उभे. शाहिराचं वाक्य संपता संपता ते उचलतात, "जी जी रं जी". नवीन काही सांगत नाहीत. शाहिरानं जे सांगितलं ते ऐकणाऱ्याच्या छातीत नेऊन ठेवतात. शाहीर दम घेतो तेव्हा कथा त्यांच्या खांद्यावर असते. सिनेमातलं हे संगीत दुसरं काय करतं? सिनेमाची झील म्हणा.

राज्य स्पर्धेवाला
अरे वा. 'घाशीराम कोतवाल'मध्ये (१९७२) माणसांची भिंत उभी राहते, तीच गाते, तीच डोलते, तीच पडदा होते. भास्कर चंदावरकरांचं संगीत. ते मागूनच येतं, पण दिसतं. झीलच ती.

मुळाक्षर
झील गळ्याची असते. ऑर्गनला झील कशी म्हणणार? शिवाय झीलही मागेच उभी राहते. आईंचा आक्षेप इथेही लागू पडतो.

रविवारचा श्रोता
आईला 'झील' सांगितलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "शाहीर गेला आणि झील राहिली, तर ती कोणाला साथ देते?" मी म्हटलं, ऐकणाऱ्याला. "मग शब्द चुकीचा नाही," म्हणाली, पण तरीही गोल खोडला नाही.

'सैराट'बद्दल एक सांगतो. अजय-अतुलने त्याचं संगीत लॉस एंजेलिसला सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं. सगळा सिनेमा त्या व्हायोलिनांवर तरंगतो. आणि शेवटी ते मूल बाहेर येतं तेव्हा? काहीच नाही. आवाजच काढून घेतलाय. आमच्यातल्या एकाने तो शेवटचा भागही 'ऐकायला' आणलाय. मी यादीत तो कसा लिहू?

व्हायोलिनवाल्याची लेक
लिहा, नक्की लिहा. प्रभातचा 'कुंकू' (१९३७) बघितलात का? शांतारामबापूंनी त्यात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच ठेवलं, खऱ्या जगातले आवाज ठेवले. ते भिंतीवरचं घड्याळ आठवा. बाबा म्हणायचे, सिनेमात न वाजवणं हे वाजवण्याइतकंच अवघड, फक्त त्याचे पैसे मिळत नाहीत.

टोरांटोकर
हिचकॉकला 'सायको'तल्या न्हाणीघराच्या प्रसंगात संगीत नको होतं. संगीतकार हरमनने तरी लिहिलं, नुसत्या तंतुवाद्यांवर, आणि ऐकल्यावर हिचकॉकने ते ठेवलं. म्हणजे ही वाटाघाट सगळीकडे तशीच चालते.

पेणची पोर
सांगलीवाडी, झीलकरी नेमके उभे कुठे राहतात? शाहिराच्या पाठीमागे की जरा बाजूला?

सांगलीवाडी
मागे, पण तिरपे. शाहीर वळला की त्यांची नजर त्याच्या नजरेला भिडली पाहिजे. माझे आजोबा गावच्या जत्रेत तिसऱ्या जागेवर उभे राहायचे, तुणतुण्यावर. शब्द त्यांना सगळे पाठ, पण पुढे कधी आले नाहीत. कोणी आग्रह केला तर म्हणायचे, "मी इथनं जास्त ऐकतो."

व्हायोलिनवाल्याची लेक
तुणतुणं आहे का अजून?

सांगलीवाडी
आहे. माळ्यावर. तार तुटलीय, खालचं चामडंही सैल झालंय. मिरजेला नेलं तर लावून देतील.

रविवारचा श्रोता
नेऊन आणा आणि जमलं तर घेऊनच या. रविवारी, सकाळी साडेदहा. पत्ता निरोपातून कळवतो.