नाणेनिधीचं कर्ज: झळ आधी कुणाला?

रातराणी:
मे 2022 मध्ये श्रीलंकेच्या ऊर्जामंत्र्यांनी संसदेत सांगितलं, पेट्रोलचं एक जहाज 28 मार्चपासून समुद्रात नांगर टाकून उभं आहे आणि माल उतरवून घ्यायला डॉलर नाहीत. व्यवहारतोल, म्हणजे देशात येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या परकीय चलनाचा मेळ, कोलमडतो म्हणजे काय होतं, ते या एका जहाजात दिसतं. अशा वेळी बाहेरची मदत हवीच. माझा आक्षेप क्रमाला आहे. ऑगस्ट 2022 मध्ये वीज सरासरी 75 टक्क्यांनी महागली, फेब्रुवारी 2023 मध्ये आणखी 66 टक्क्यांनी. मग मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं, म्हणजे अडचणीतल्या देशांना अटी घालून कर्ज देणाऱ्या संस्थेचं, सुमारे 3 अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर झालं. परदेशी रोखेधारकांशी, म्हणजे सरकारचे कर्जरोखे घेतलेल्यांशी, तडजोड मात्र पुरी झाली डिसेंबर 2024 मध्ये. चढं व्याज मिळतंय म्हणून ज्यांनी पैसे गुंतवले, त्यांनी आधी झळ सोसायला नको?

हिशेबनीस:
असहमत. ऑगस्टमधली दरवाढ तब्बल नऊ वर्षांनी झाली होती. वीज तोट्यात विकली तर तो तोटा कुठून तरी भरावाच लागतो, नाणेनिधी असो वा नसो. आणि रोखेधारकांचे हप्ते एप्रिल 2022 पासून बंदच होते, हे तुम्ही लिहिलं नाहीत. सप्टेंबर 2022 मध्ये कोलंबोत महागाई 70 टक्क्यांच्या घरात होती, वर्षभरात ती 2 टक्क्यांच्याही खाली आली. गरिबाला याहून मोठा दिलासा कोणता?

वाटसरू:
मलेशियाने 1998 मध्ये नाणेनिधीकडे न जाता भांडवल बाहेर जाण्यावर निर्बंध घातले, रिंगिटचा दर डॉलरला 3.80 असा बांधला आणि देश सावरला. तोही मार्ग आहेच की.

हिशेबनीस:
@वाटसरू, मलेशियाकडे परकीय चलनाची गंगाजळी शिल्लक होती. श्रीलंकेकडे मे 2022 मध्ये वापरता येण्याजोगे 5 कोटी डॉलरही नव्हते. तिजोरीच रिकामी, तर दाराला कुलूप लावून काय साधणार?

रातराणी:
हप्ते बंद होते, मान्य. पण थकलेलं व्याज पूर्ण बुडालं नाही, तडजोडीत त्याचेही रोखे निघाले. आणि 2023 मध्ये देशांतर्गत कर्जाची फेररचना झाली, म्हणजे सरकारने देशातच घेतलेल्या कर्जाच्या फेडीच्या अटी बदलल्या, तेव्हा बँकांना वगळलं, भार टाकला कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीवर. आयुष्यभर पगारातून कापून गेलेले पैसे आहेत हो ते! या कर्जात त्या माणसाची काय चूक होती?

हिशेबनीस:
निर्वाह निधीबाबत तुमच्याशी सहमत, तो अन्यायच. पण बँका बुडाल्या असत्या तर ठेवीदार सामान्य माणूसच होता. शिवाय तुमचा क्रम लावला तर मदत लांबते. नाणेनिधीशी अधिकाऱ्यांच्या पातळीवरचा करार 1 सप्टेंबर 2022 ला झाला, पैसे मार्चमध्ये आले. मधले सहा महिने कर्जात सवलत देऊ अशी धनको देशांची हमी मिळवण्यात गेले.

रातराणी:
तेच तर म्हणतेय! धनको विचार करत बसले आणि तेवढ्यात विजेचं बिल मात्र वाढून आलं. 2020 मध्ये करोनाच्या काळात नाणेनिधीने कितीतरी देशांना नेहमीच्या अटींशिवाय तातडीचं कर्ज दिलंच होतं. औषधं आणि इंधनापुरती तशी रक्कम आधी द्या, बाकीच्या अटी धनकोंची सही झाल्यावर लावा.

हिशेबनीस:
ज्याची जुनी फेडच थांबली आहे, त्याला आणखी कर्ज? औषधं-इंधनापुरतं अनुदान द्या, मी तुमच्या बाजूने आहे. कर्ज म्हणून नको.