मदत हवी आहे : गिल्ड नको, रेड नको, पण आजूबाजूला माणसं हवीत. एकट्याने खेळायला कुठला एमएमओ घेऊ?

धायरीकर :

सरळ मुद्द्यावर येतो. मला एमएमओआरपीजी (एकाच ऑनलाइन जगात हजारो लोक आपापलं पात्र घेऊन खेळतात तो गेम) खेळायचाय आणि तो एकट्याने खेळायचाय. आधी हसून घ्या मग पुढे वाचा.

याआधी एक खेळत होतो, नाव घेत नाही, उगाच फॅन लोक अंगावर यायचे. गेम चांगलाच होता, वैताग आला तो गिल्डचा, म्हणजे गेममधल्या कायमच्या ग्रुपचा. आधी "ये ना भाई मजा येईल", मग डिस्कॉर्डवर हजेरी, मग शनिवारी रात्री रेड (सगळ्यांनी ठरवून जमून मोठे राक्षस मारायचे), मग रविवारीपण, आणि एखाद दिवशी नाही गेलो की लीडरचा मेसेज, ब्रो काल कुठे होतास, आधी सांगायचं ना. अरे मी दिवसभर हिंजवडीत ऑफिसच्या स्टँडअप मीटिंगा देऊन येतो, येताना भूमकर चौकात निम्मं आयुष्य जातं, आणि घरी येऊन परत स्टँडअप? बंदच केलं मग.

तर आता काय हवंय ते सांगतो. रात्री जेवणं आवरून अकराच्या सुमारास बसतो, साडेबारा एकपर्यंत, तेही रोज जमेल असं नाही, ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज असलं की दोन दोन आठवडे लॅपटॉपला हात लागत नाही. त्यामुळे परत आल्यावर सगळे पुढे निघून गेलेत आणि आपलं सामान भंगारात गेलंय असं नको. स्टोरी चांगली असावी. मरून पडलो की कुणीतरी येऊन सगळा माल लुटून नेणार असले प्रकार नकोत. महिन्याचे पैसे भरायची तयारी आहे पण न खेळता पैसे गेलेले बघून जीव जळतो, त्यामुळे शक्यतो नको. लॅपटॉप जुना आहे, १६५० चं ग्राफिक कार्ड, १६ जीबी रॅम. नेट फायबर आहे पण भारतात सर्व्हर कुणाचेच दिसत नाहीत, तर पिंगचं (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) काय करता तुम्ही लोक?

आणि मेन प्रश्न, शेवटी भिंत लागते का? म्हणजे स्टोरी संपली की "आता आठ जण गोळा करा नाहीतर घरी जा" असं होतं का? ज्यांनी खरंच एकट्याने काढलंय त्यांनी सांगा प्लीज, यूट्यूबवरचे टॉप टेन बघून झालेत.

आगाऊ_कार्टा :

एकट्याने खेळायचंय तर सिंगल प्लेअर गेम घे ना भावा. ऑनलाइन जाऊन कोणाशी बोलायचं नाही म्हणजे हॉटेलात जाऊन घरचा डबा खाण्यातला प्रकार झाला. पिंगपण नाही, सर्व्हरपण नाही, पॉज होतो, विषय संपला.

धायरीकर :

@आगाऊ_कार्टा ही कमेंट येणार हे माहीतच होतं. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका बघितल्यास का कधी? एमपीएससीवाली पोरं महिन्याला पैसे भरून तिथे बसतात, प्रत्येकाचं पुस्तक वेगळं, कोणी कोणाशी बोलत नाही, बोललं तर बाहेर काढतात. पण त्यातल्या निम्म्यांना घरी एकट्याला बसवलं तर अर्ध्या तासात मोबाइल हातात. मला तेच हवंय. बाजारात गर्दी असावी, कोणीतरी कडेला मासे पकडत बसलेलं असावं, मी विकायला ठेवलेली वस्तू खऱ्या माणसाने घ्यावी, आणि मला कोणी काही विचारू नये. सिंगल प्लेअर भरपूर खेळलोय, पण ते गाव रिकामं आहे हे मनातून जात नाही.

निशाचर_कोथरूड :

तुमचं दुखणं समजलं, मी त्यातलाच. मी फायनल फँटसी १४ खेळतो, जवळजवळ सगळा एकट्याने.

आधी पैशाचं. याची फ्री ट्रायल म्हणजे नुसती चव नाही, मूळ गेम आणि पुढची दोन एक्स्पान्शन (नंतर आलेले वाढीव भाग), हेवन्सवर्ड आणि स्टॉर्मब्लड, लेव्हल ७० पर्यंत, वेळेचं बंधन नाही. एवढ्यातच तुमची शेकडो तासांची स्टोरी होते. बंधनं आहेत, तीन लाख गिलच्या (गेममधलं चलन) वर पैसे साठवता येत नाहीत, मार्केट बोर्ड बंद (तुमची ती विकायची हौस इथे भागणार नाही), आणि फ्री कंपनीत, म्हणजे तिकडच्या गिल्डमध्ये, जाताच येत नाही. ही शेवटची अट तुमच्यासाठी वरदान आहे, कोणी बोलवायला आलं तरी हात वर करायचे, ट्रायल आहे हो. फक्त एक लक्षात ठेवा, एकदा पूर्ण गेम विकत घेतला की ते अकाउंट परत ट्रायलमध्ये जात नाही, मग महिन्याची फी सुरू. भरात येऊन सेलमध्ये घेऊ नका.

एकट्याने कितपत जमतं? स्टोरीतल्या चार जणांच्या डंजनमध्ये (बंदिस्त जागेतली मोहीम) आता खऱ्या माणसांऐवजी गेममधलीच पात्रं सोबत घेता येतात, ड्यूटी सपोर्ट म्हणतात त्याला, २०२२ पासून मूळ गेमच्या डंजनलाही आलंय ते. पात्रं हळू मारतात पण चिडत नाहीत, तुम्ही कोपऱ्यात उभं राहून मेकॅनिक (राक्षस कसा हल्ला करतो ते) वाचत बसलात तरी चालतं. मात्र आठ जणांच्या बहुतेक ट्रायल (ही फ्री ट्रायल नव्हे, मोठ्या राक्षसाशी लढत) आणि स्टोरीत कंपलसरी असलेला २४ जणांचा क्रिस्टल टॉवर हे खऱ्या लोकांबरोबरच करावं लागतं. घाबरू नका, ड्यूटी फाइंडर आपोआप माणसं जोडतो, सुरुवातीला हॅलो, शेवटी जीजी (गुड गेम), बास. परत त्यांचं तोंड बघायचं नाही. क्लास (पात्राचा प्रकार) आर्केनिस्ट घ्या, लेव्हल ३० ला समनर होतो, एकट्याला बरा पडतो.

आता पिंग. इथे सगळे चुकीचं गणित करतात. नकाशा बघून जवळचा सर्व्हर शोधतात, आणि मग म्हणतात गेम मेलेला आहे, कोणीच दिसत नाही. अहो आपले रात्रीचे ११ म्हणजे जपानचे पहाटेचे अडीच. कोण दिसणार? तेच युरोपात, जर्मनीत म्हणा, उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेसहा वाजलेले असतात, लोक नुकते कामावरून येऊन बसलेले. तुमची वेळ बघता युरोपच घ्या. पिंग मला दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास मिळतो. नेमबाजीच्या गेमला हा भयानक, पण इथे बहुतेक स्किल अडीच सेकंदांनी एकदा दाबायची असतात, त्यामुळे विशेष जाणवत नाही. मधे लाल समुद्रात केबल तुटल्या तेव्हा मात्र वाट लागलेली, त्याला आपण काय करणार.

बाळाचीआई :

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन पण मी गिल्ड वॉर्स २ सुचवीन. का ते सांगते. माझं पिल्लू लहान आहे, ते झोपलं की मी खेळते आणि ते रडलं की मी जिथे असेन तिथून उठते. चार जण माझ्या भरवशावर उभे असतील तर हे जमत नाही, शिव्या पडतात, आणि व्हॉइस चॅटवर बाईचा आवाज ऐकला की जे सुरू होतं ते वेगळंच. त्यामुळे एकटीनं खेळणं ही माझी हौस नाही, सोय आहे.

या गेममध्ये मदत करायला पार्टीत असावंच लागत नाही. रानात कुठेतरी इव्हेंट सुरू होतो, तुम्ही वाटेवर असाल तर चार बाण मारायचे, जेवढे लोक जमतील तेवढा तो आपोआप अवघड होत जातो आणि ज्यानं ज्यानं हात लावला त्या सगळ्यांना आपापलं बक्षीस. खनिज, झाडंपण प्रत्येकाची वेगळी, तुम्ही तोडलं म्हणून मला कमी नाही. पडलात तर अनोळखी माणूस पळत येऊन उठवतो, कारण उठवल्याचे त्यालाही पॉइंट मिळतात. मग तो त्याच्या वाटेनं, तुम्ही तुमच्या. धायरीकर, तुमची अभ्यासिका ती हीच बघा.

आणि तुमचा रिलीजवाला प्रॉब्लेम. २०१२ ला गेम आला तेव्हा लेव्हल ८० शेवटची होती आणि आजही ८० च आहे. वरच्या दर्जाचं सामान एकदा केलं की ते जुनं होत नाही. मी बाळंतपणात खूप मोठी सुट्टी घेऊन परत आले, माझ्या नेक्रोमॅन्सरच्या (माझ्या पात्राचा क्लास) अंगावर तेच चिलखत आणि ते तसंच चालतंय. महिन्याची फी नाही, मूळ गेम फुकट, एक्स्पान्शन विकत. फुकट अकाउंटला चॅटिंग आणि बाजारावर बंधनं आहेत, म्हणजे विकायचं असेल तर एखादं एक्स्पान्शन घ्यावं लागेल, पण आधी खेळून तर बघा.

भिंतीबद्दल खरं सांगायचं तर आहे. इथे रेड दहा जणांची. पण ती बाजूला एका कोपऱ्यात आहे, रस्त्यात नाही. पूर्वी लेजंडरी चिलखत राक्षस मारून मिळवायचं तर रेडशिवाय सोय नव्हती, सीक्रेट्स ऑफ द ऑब्स्क्युअर आल्यावर ओपन वर्ल्डमधूनही करता यायला लागलं. वेळखाऊ आहे, जाम वेळखाऊ, पण कोणाची परवानगी लागत नाही.

स्टोरीच्या बाबतीत मात्र १४ पुढे आहे, हे मान्य. मूळ गेमची स्टोरी मला तरी पुचाटच वाटली, नंतर सुधारते.

मटकी_उसळ :

एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन कोणीच म्हटलं नाही? २०१६ च्या वन टॅमरिएल अपडेटनंतर कुठल्याही भागात कुठल्याही लेव्हलला जा, राक्षस तुमच्या बरोबरीचे. २०२१ पासून कंपॅनियन मिळतो, तो टँक (मार झेलणारा) नाहीतर हीलर (बरं करणारा) म्हणून मागे मागे फिरतो. क्वेस्ट सगळे आवाजासकट, लोळत ऐकायचे. गेम एकदा विकत घ्यायचा, महिन्याची फी ऐच्छिक. पण क्राफ्टिंगचं सामान ठेवायची अमर्याद पिशवी फक्त महिन्याचे पैसे भरणाऱ्यांना, आणि ती नसली की बॅगेत जागा करण्यातच रात्र जाते, हे कोणी आधी सांगत नाही. बारा जणांच्या ट्रायल (तिकडच्या रेड) आहेत, मी तिकडे फिरकलोही नाही.

वॉव (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट) पण आता एकट्यांचा बराच विचार करायला लागलाय, २०२४ मध्ये डेल्व्ह (छोट्या मोहिमा) आले, एकट्याने जा, गेममधलंच एक पात्र सोबत येतं, बक्षिसं चांगली. पण फी आहे. आणि महिन्याच्या फीचं एक लफडं, २०२१ च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेचे ऑटो डेबिटचे नियम बदलले तेव्हापासून बऱ्याच परदेशी सबस्क्रिप्शनला आपली कार्डं आपोआप कटत नाहीत. तुमच्यासारख्याला ते बरंच आहे म्हणा, न खेळता पैसे जायला नकोत.

लेव्हल_एक :

ओल्ड स्कूल रूनस्केप, आयर्नमॅन मोड. कोणाशी देवाणघेवाण करताच येत नाही, सगळं स्वतः तोडा, स्वतः शिजवा, स्वतः घाला. एकटं खेळणाऱ्यांसाठी कंपनीने स्वतःच मोड काढलाय, २०१४ लाच. ०.६ सेकंदाची टिक आहे, म्हणजे गेम तेवढ्या वेळाने एकदाच पुढे सरकतो, दीडशे पिंग असला काय नि नसला काय. मोबाइलवर पण चालतो, कंपनीच्या बसमध्ये मासे पकडायचे. ग्राफिक बघून नाक मुरडू नका. तुमचा विकायचा शौक मात्र आयर्नमॅनमध्ये नाही भागणार, साध्या अकाउंटवर भागेल.

धायरीकर :

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, थँक्यू सगळ्यांना. निशाचर, तो वेळेचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता, मी सिंगापूर सिंगापूर करत बसलेलो, तिथेही माझ्या अकराला मध्यरात्र उलटून दीड वाजलेला असणार.

गिल्ड वॉर्सने सुरू करतो, बाजार आणि सुट्टी दोन्ही त्यात बसतंय. १४ ची ट्रायल स्टोरीसाठी बाजूला ठेवतो, ती कुठे पळून जात नाही. ताई, दोन शंका. स्टीमवरून (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) घेऊ की त्यांच्या साइटवरून? आणि आमच्याकडे पावसाळ्यात जरा वारं सुटलं की लाइट जाते, लॅपटॉप चालू राहतो पण राउटर बसतो. मधेच नेट गेलं तर काय होतं?

बाळाचीआई :

हे आधीच ठरवा, कारण स्टीमवर केलेलं अकाउंट आणि साइटवर केलेलं अकाउंट वेगळं असतं, नंतर जोडता येत नाही. स्टीमवर यूपीआय चालतं, पुढे एक्स्पान्शन घ्यायला सोपं, म्हणून मी तेच म्हणेन. रीजन विचारेल तेव्हा युरोप. नेट गेलं तर ओपन वर्ल्डमध्ये फार तर मरता, परत येऊन वेपॉइंटवरून (नकाशावरचा ठरलेला थांबा) चालू लागायचं. स्टोरीच्या मिशनमध्ये असाल तर मात्र बहुधा ते पहिल्यापासून, त्यामुळे ढग दिसले की मिशन उघडू नका. राउटरला छोटा यूपीएस मिळतो बाजारात, तो घेऊन टाका.

आगाऊ_कार्टा :

नेक्रोमॅन्सर घे. एक जीव संपला की दुसरा असतो. हो, मीपण खेळतो, मीपण गिल्डमध्ये नाही. गप बसा सगळे.