१८७३ नमुन्याची नवी रिव्हॉल्व्हर: घोडा अडतो, सिलिंडरवर रेघ, गोळी खाली

टेक्सासकर

कोल्टच्या १८७३ च्या ‘सिंगल अ‍ॅक्शन आर्मी’ची इटालियन बनावटीची प्रतिकृती घेतली. काडतूस .४५ कोल्ट, नळी पावणेपाच इंची. फ्रेमवरच्या निळ्या-तपकिरी छटा सुरेख आहेत, लाकूड आणि धातूच्या सांध्यात नख अडकत नाही. घोडा (काडतुसावर आपटणारा मागचा खटका) ओढायला जड वाटतो. तीन शंका:

अधूनमधून घोडा पडतो, पण काडतुसाच्या टोपीपर्यंत (बुडाच्या प्रायमरपर्यंत) पोचत नाही. सिलिंडरभोवती बारीक रेघ उमटू लागली आहे. १५ यार्डांवर २०० ग्रेनची गोळी ४ इंच खाली लागते. पुढची साइट (नळीच्या टोकावरची नेम धरायची पाती) कानसू का?

पाचच_भरा

पहिली शंका बहुतेक बेस पिनची, म्हणजे सिलिंडर ज्यावर फिरतं त्या दांड्याची. बऱ्याच इटालियन प्रतिकृतींत या पिनला दोन खाचा असतात. पिन दुसऱ्या खाचेपर्यंत आत गेली की तिचं मागचं टोक घोड्याला अडवतं. ती सेफ्टी आहे. गोळी झाडल्याच्या धक्क्याने पिन सरकू शकते. रिव्हॉल्व्हर रिकामी करून आडवा खटका दाबा, पिन पहिल्या खाचेवर आणा. तरीही सरकत असेल तर खटक्याची स्प्रिंग कमजोर आहे. आणि बार झाला नाही तर नळी निशाणाकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, मगच हात लावा.

रेघ उमटते ती घोडा अर्ध्यावरून परत सोडल्यामुळे. सिलिंडर थांबवणारा बोल्ट खाचेत न पडता दोन खाचांमधल्या भागावर पडतो आणि घासतो. सिलिंडर फिरवलं असेल तर घोडा पूर्ण मागे ओढा, मगच अंगठ्याने धरून हळू खाली आणा. भरतानाही तसंच: घोडा अर्ध्यावर, गेट (सिलिंडरमागचं भरायचं झाकण) उघडा, एक काडतूस भरा, सिलिंडरचं एक घर सोडा, पुढची चार भरा, गेट बंद, घोडा पूर्ण मागे, मग खाली. तो रिकाम्या घरावरच टेकतो. सहावं काडतूस कधीच भरू नका. घोडा ओढताना येणाऱ्या पहिल्या ‘क्लिक’च्या खाचेवर भरवसा ठेवायचा नाही, रिव्हॉल्व्हर घोड्यावर आपटली तर ती खाच तुटते आणि बार होतो.

कानसवाला

इतक्यात कानस नको. आधी २५० ग्रेनची गोळी वापरून बघा. जड गोळी नळीत जास्त वेळ राहते, तोवर धक्क्याने नळी वर उचललेली असते, म्हणून ती वर लागते. ज्या काडतुसावर कायम राहणार आहात ते ठरलं की मगच कानस.

हिशोब सोपा आहे: चूक गुणिले दोन साइटमधलं अंतर, भागिले निशाणाचं अंतर. साइटमधलं अंतर साडेपाच इंच आणि १५ यार्ड म्हणजे ५४० इंच धरले तर ४ × ५.५ ÷ ५४० = ०.०४ इंच, म्हणजे सुमारे एक मिलिमीटर. स्वतःच्या रिव्हॉल्व्हरवर मोजून घ्या. निम्मं कानसा, एकाच निशाणावर पाच गोळ्यांचा गट पाडून बघा, मग पुढे. घासलेलं परत चढत नाही. गोळी डावी-उजवीकडे जात असेल तर नळी फिरवावी लागते, ते गनस्मिथचं काम.

टेक्सासकर

आभारी आहे. पिन खरंच दुसऱ्या खाचेत होती. घोडा हलका करायला मेनस्प्रिंग (घोड्याला जोर देणारी मुख्य स्प्रिंग) बदलू का?

पाचच_भरा

आधी कारखान्याचं घट्ट ग्रीस काढा. घोड्याच्या दोन्ही बाजूंना थेंबभर तेल, बेस पिनवर पातळ ग्रीस. थोडा जडपणा तिथेच जातो. हलक्या मेनस्प्रिंगने कठीण टोप्या फुटेनाशा होतात, मग रेंजवर पंचाईत. बदलायचीच तर बोल्ट आणि चाप दोन्ही सांभाळणारी दुपाखी चपटी स्प्रिंग बदला. तीच आधी मोडते, तारेची जास्त टिकते.

फ्रेमचे स्क्रू गोळी झाडल्याच्या हादऱ्याने सैल होतात. स्क्रूच्या खाचेत नेमकं बसणारं, सरळ बाजूंचं स्क्रूड्रायव्हरचं पातं घ्या. घरगुती पाचरीसारखं पातं खाचेच्या कडा चेमटवतं. स्क्रूच्या आट्यांवर निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद), तेही टाचणीच्या टोकाएवढंच.