ग्रामसभेच्या जागेसाठी पत्र्याचं शेड: काय बदलावं?

प्रश्न
नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातलं गाव. ग्रामपंचायतीशेजारी ४० बाय ६० फूट मोकळी जागा आहे, सगळी काळी माती, एका कोपऱ्यात जुना कडुलिंब. ग्रामसभा, बचत गटांच्या बैठका, पीक विम्याचं शिबिर, सगळं तिथंच भरवायचंय. आराखड्यात पत्र्याचं शेड, तीन फुटांचं स्टेज अन् लिंबाला सिमेंटचा पार दाखवलाय. काय बदलावं?

उत्तर १
आधी माणसं मोजा. कोरम, म्हणजे ग्रामसभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला कमी आकडा. सतरंजीवर माणशी ८ चौरस फूट धरलं तर ३० बाय ४० मध्ये दीडशे जण बसतात. तेवढंच छप्पर करा.

खरं दुखणं मातीचं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट कोबा केला तर दोन-तीन वर्षांत उचलतो. खांबांचे खड्डे खाली पक्का मुरूम लागेपर्यंत न्या. फरशीखालची माती निदान तीन फूट काढून मुरूम भरा, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येकावर पाणी मारून धुमसानं ठोका. एकदम भरलेला मुरूम पोकळ राहतो, पाणी पितो अन् खड्ड्याचं टाकं होतं. फरशी खांबाला जखडू नका, मध्ये सांधा सोडा. वर शहाबादी घाला, एखादी खचली तर उचलून परत बसवता येते.

आणि पन्हाळीचं पाणी जोत्याजवळ पाडू नका. १२०० चौरस फूट छपरावर २० मिलिमीटर पाऊस म्हणजे सव्वादोन हजार लिटर पाणी.

उत्तर २
छपराची परीक्षा दोन तारखांना: १ मे आणि १५ ऑगस्ट. बऱ्याच ठिकाणी या दिवशी ग्रामसभा भरते. मे महिन्यात उघडा पत्रा डोक्यावर तव्यासारखा, ऑगस्टात सर आली की माईकही ऐकू येत नाही. पत्र्याखाली फूटभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्या लावा, दोन्ही टोकं उघडी ठेवा म्हणजे गरम हवा निघून जाते. आवाजही कमी होतो, घुमत नाही. बांबू पेटू नये म्हणून वायरिंग मात्र पाईपातूनच. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, पश्चिमेला चार फूट पडवी काढा.

उत्तर ३
लिंबाला सिमेंट नको. खोडाभोवती तीन फूट माती उघडी ठेवा, अन् खोडाला माती चढवू तर अजिबात नका, साल कुजते. पार कोरड्या दगडांचा रचा, दीड फूट उंच; बसायला तेवढी उंची बरोबर.

बायकांसाठी वेगळी वाट अन् स्वच्छतागृह आराखड्यातच घ्या. सर्वसाधारण सभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. पुरुषांच्या पारावरून वाट असेल तर बायका येत नाहीत, मग सह्यांची वही घरोघरी फिरते.

स्टेज आराखड्यातून काढून टाका.

प्रश्नकर्ता
मग पाहुणे बसवायचे कुठं, दादा?

उत्तर ३
लोकांसमोर, एका पायरीवर, सहा इंच. ग्रामपंचायत अधिकाऱ्याचं (पूर्वीचे ग्रामसेवक) टेबल मावलं की झालं. उरलेल्या पैशात दुसरा माईक घ्या, बिनवायरचा, मागच्या रांगेत फिरवायला.