तेलुगू नाटक, मराठी प्रेक्षक

सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू नाटकाला मराठी प्रेक्षक हवा, म्हणून सगळे संवाद भाषांतर करून पडद्यावर दाखवावेत, ही सूचना मला पटत नाही. डोळे वाचनात अडकले की नट दिसतच नाही. एका वेळी दोनच ओळी, त्याही संवादाच्या आशयापुरत्या. विनोदाची ओळ नट बोलेपर्यंत सोडू नका. हशा आधी पिकला की नटाची लय तुटते. पडद्यावरच्या ओळी बदलणारा माणूस तालमींपासून हवा, ऐनवेळी आणलेला माणूस नटानं गाळलेल्या वाक्यावर अडकतो.

नाटक निवडताना ओळखीचं कथानक आधी. गिरीश कर्नाडांचं ‘तुघलक’ (१९६४) मूळ कन्नड, विजय तेंडुलकरांच्या भाषांतरामुळे मराठीतही परिचित. सोलापुरात ते कन्नडमध्येच, अशाच मराठी ओळींसह, करून बघावं. शाब्दिक कोट्यांवरचं प्रहसन पहिल्या वर्षी नकोच.